कॉस्पॅट्रिकचा हजेरीपट

१८७४ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या ११ तारखेस, लंडनच्या खालच्या अंगाला थेम्स नदीवर असलेल्या ग्रेव्हझेंड येथून ‘कॉस्पॅट्रिक’ नावाचे तीन डोलकाठ्यांचे सागवानी जहाज न्यूझीलंडमधील ऑकलंड बंदराकडे निघाले, तेव्हा त्यावर देशांतरास निघालेली सव्वाचारशेहून अधिक माणसे, आणि त्यांना पैलतीरी पोहोचविण्याची नोकरी पत्करलेले चाळिसांहून थोडे अधिक अधिकारी व खलाशी होते. वर्ष संपता संपता या सगळ्यांपैकी अवघे तिघे इंग्लंडला परत आले, आणि ते तिघेही जहाजाचे नोकर होते. उतारूंपैकी एकही वाचू नये आणि नोकरांपैकी तिघे वाचावेत, ही गोष्ट ऐकताक्षणी मनाला खटकते, हे मी नाकारीत नाही. परंतु त्या तिघांकडे संशयाने पाहण्यापूर्वी, त्या चाळीस-बेचाळीस माणसांना जहाजावर कशासाठी घेतले होते, काय मुशाहिऱ्यावर घेतले होते आणि त्यांची संख्या कोणत्या हिशेबाने ठरली होती, याची चौकशी करणे मला अधिक न्याय्य वाटते.

जहाज तसे आपल्याच बाजूचे. १८५६ साली ब्रह्मदेशात मौलमीन येथे ते बांधले गेले आणि लंडनचा मातबर जहाजमालक डंकन डनबार याच्या ताफ्यात दाखल झाले. १८६२ साली डनबार वारल्यावर त्याचे मालक बदलले. तथापि इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्या दरम्यान उतारू, पलटणी आणि माल यांची ने-आण करणे हाच त्याच्या आयुष्याचा मुख्य व्यवसाय राहिला. १८६४ साली इराणच्या आखातात समुद्राखालून तारायंत्राची जी तार टाकण्यात आली, तिच्या कामाला लावलेल्या पाच शिडाच्या जहाजांत कॉस्पॅट्रिक एक होते. त्याच पाचांत ‘ट्वीड’ आणि ‘असई’ ही मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या हातून उतरलेली दोन जहाजेही होती. यातील ‘ट्वीड’, म्हणजे हिंदी आरमारातील पूर्वाश्रमीचे ‘पंजाब’, इतके वेगवान निघाले की पुढे त्याच्या मालकाने ‘कटी सार्क’ बांधविताना त्याची घडण डोळ्यांसमोर ठेवली असे सांगतात. कॉस्पॅट्रिकला असली कीर्ती कधी लाभली नाही. ते रुंद पोटाचे, सुस्त पण विश्वासू जहाज होते, आणि सतरा-अठरा वर्षे निर्वेध चाकरी करून १८७३ साली ते शॉ, सॅव्हिल कंपनीच्या मालकीचे झाले.

त्या कंपनीला तेव्हा जहाजांची निकड होती. जूलियस व्होगेल याने १८७० साली न्यूझीलंडमध्ये कर्ज काढून रेल्वे बांधण्याची आणि त्या रेल्वेसाठी व पडीक जमिनीसाठी विलायतेतून माणसे आणण्याची योजना मांडली होती. १८७३ पासून शेतमजुरांना व घरकाम करणाऱ्या तरुणींना प्रवास फुकट मिळू लागला. इकडे इंग्लंडात जोसेफ आर्चने उभारलेल्या शेतमजूर संघाची जमीनदारांशी झुंज जुंपली होती आणि संघात नाव घातले म्हणून कुटुंबेच्या कुटुंबे उघड्यावर येत होती. १८७४ या एका सालात तीस हजारांहून अधिक माणसे सरकारी मदतीने न्यूझीलंडला गेली. एवढी माणसे हलवायची म्हटल्यावर जुनी हिंदुस्थानी जहाजेही झाडूनपुसून कामाला लागली.

आता हजेरीपटाकडे वळू. सर्वांत वर कप्तान अलेक्झांडर एल्म्स्ली. याच जहाजावर त्याच्या अगोदर त्याचा भाऊ जेम्स कप्तान होता, आणि तो पुढे ‘सोब्रॉन’ या नामांकित जहाजावर जाऊन चोवीस वर्षे निर्धोक राहिला. एका घरातील दोन भावांपैकी कोणाच्या वाट्याला कोणते जहाज यावे, याचा काही नियम नाही. कप्तानाच्या हाताखाली पहिला मेट चार्ल्स रोमेन आणि दुसरा मेट हेन्री मॅक्डॉनल्ड. आपल्याकडील बोटीवर सारंगाची जी जागा, त्या जागी बोसन. त्यानंतर सुतार, शिडे शिवणारा, आचारी, भांडारी, सुकाणी, आणि मग खलाशी व होतकरू पोरे. कप्तानाची बायको व चार वर्षांचा मुलगाही बरोबर होता, परंतु ती हजेरीपटावरची माणसे नव्हेत.

खलाशाची भरती होई ती करारनाम्यावर. सरकारी कचेरीतील कारकून तो मोठ्याने वाचून दाखवी, खलाशी खाली सही करी किंवा फुली मारी, आणि त्या घटकेपासून जहाज सोडून जाणे हा फौजदारी गुन्हा होई. चांगल्या कसबी खलाशाचा पगार महिन्याला अडीच ते तीन पौंडांच्या दरम्यान असे. त्यापैकी एक महिन्याची रक्कम आगाऊ चिठ्ठीच्या रूपाने मिळे, पण ती चिठ्ठी वटे जहाज बंदराबाहेर पडल्यावर. म्हणून ज्याच्या खाणावळीत खलाशी उतरलेला असे तोच ती पडत्या भावाने विकत घेई आणि राहण्या-खाण्याचा, दारूचा व कपड्यांचा हिशेब त्यातून वळता करून घेई. जहाजाने नांगर उचलला त्या दिवशी पुष्कळ खलाशी एक महिना कर्जातच असत, आणि पहिले तीस दिवस ते वस्तुतः खाणावळवाल्याची चाकरी करीत असत. ही आगाऊ चिठ्ठीची पद्धत कायद्याने बंद झाली ती १८८० साली.

समुद्रावर पडल्यावर सारी माणसे दोन पाळ्यांत विभागली जात. चार तास काम, चार तास विश्रांती, पुन्हा चार तास काम, असे ते रहाटगाडगे तीन-साडेतीन महिने अहोरात्र फिरे. त्याच पाळीच्या नशिबी रोज मध्यरात्र येऊ नये म्हणून संध्याकाळचे चार तास दोन-दोन तासांत तोडलेले असत. सलग चार तासांहून अधिक झोप खलाशाला मिळतच नसे, आणि वादळात ‘सगळे वर’ अशी हाक आली की ती चारही राहत नसत. शिडे सोडणे, गुंडाळणे, वाऱ्याप्रमाणे आडव्या काठ्या फिरविणे, दोरखंड सांधणे, डांबर चोपडणे, वाळूचा दगड घेऊन गुडघ्यावर बसून तख्तपोशी घासणे, हे त्याचे काम. अन्न म्हणजे खारविलेले मांस, दगडासारखी बिस्किटे, वाटाण्याचे कढण आणि रक्तपितीवर उपाय म्हणून कायद्याने लावून दिलेला लिंबाचा रस. गमतीची गोष्ट अशी की, देशांतर करणाऱ्या उतारूला आठवड्याला पीठ किती, तांदूळ किती, मनुका किती, याचे प्रमाण सरकारने बांधून दिलेले होते. खलाशाच्या पोटाची तेवढी तपशीलवार वास्तपुस्त कोणी घेतलेली नव्हती.

या दोन जमातींनी एकमेकांत मिसळू नये असा कडक बंदोबस्त असे. एकट्या स्त्रिया जहाजाच्या पिछाडीला एका देखरेख करणाऱ्या बाईच्या ताब्यात, मध्ये कुटुंबे, पुढच्या बाजूस एकटे पुरुष, आणि त्याहूनही पुढे, नाळेपाशी, खलाशी. उतारू स्त्रीशी बोलताना सापडलेल्या खलाशाचा पगार कापला जाई. उतारूंवर अंमल चाले तो सरकारने नेमलेल्या वैद्याचा, खलाशांवर कप्तानाचा. रात्रीच्या गस्तीला उतारूंमधूनच निवडलेले शिपाई. थोडक्यात, एकाच लाकडी पेटीत दोन गावे वसविलेली होती आणि एका गावाला दुसऱ्याच्या गल्ल्या ठाऊक नव्हत्या. अंधारात, धुरात आणि आरडाओरड्यात कोणी कोणाचे ऐकावे याची तालीम कधी झालीच नव्हती. होड्या पाण्यात सोडण्याचीही नव्हती.

मला या सर्व प्रकरणात सारखा जाणवतो तो हिशेबाचा एक विशिष्ट प्रकार. जहाजावर खलाशी किती घ्यावयाचे ते शिडांच्या पसाऱ्यावरून ठरे. पोटात पावणेपाचशे माणसे असोत की चहाच्या पेट्या असोत, शिडे तेवढीच असल्यामुळे हातही तेवढेच. होड्या किती ठेवावयाच्या, ते १८५४ च्या कायद्याप्रमाणे जहाजाच्या टनांवरून ठरे. आणि ज्यांची मोजदाद माणूस म्हणून व्हावयास हवी होती त्यांचीही ती पुरी होत नसे. कारण उतारूंच्या कायद्याप्रमाणे बारा वर्षांखालची दोन मुले मिळून एक माणूस धरीत, आणि वर्षाच्या आतले मूल गणतीतच नसे. कॉस्पॅट्रिकवर मुलेच सव्वाशेच्या घरात होती. त्यावरील सर्व होड्या काठोकाठ भरल्या असत्या, तरी निम्मी माणसेसुद्धा त्यांत मावली नसती, आणि असे असूनही ते जहाज कायद्याच्या दृष्टीने सर्वथैव निर्दोष होते.

नोव्हेंबरच्या १७ तारखेस जहाज केप ऑफ गुड होपच्या नैर्ऋत्येस, सदतिसाव्या दक्षिण अक्षांशाच्या आसपास होते. वारा वायव्येचा आणि मंद. रात्री आठ ते बारा ही पाळी दुसरा मेट मॅक्डॉनल्ड याची. पाळी संपविताना त्याने शिरस्त्याप्रमाणे जहाजावरून एक फेरी मारली, वावगे काही दिसले नाही, पुढच्या पाळीला ताबा दिला आणि तो आपल्या खोलीत जाऊन पडला. अर्धा-पाऊण तास झाला असेल नसेल, तोच ‘आग, आग’ असा ओरडा त्याच्या कानी आला, आणि तो अंगावर होता त्या कपड्यांनिशी धावत वर आला. नाळेखाली बोसनची कोठी होती. तीत वाख, दोरखंड, डांबर आणि रंग भरलेले. तिच्यातून धूर उसळत होता. तिच्याच मागे जहाजाच्या पोटात जवसाचे तेल, टर्पेंटाइन, व्हार्निश आणि मद्याची पिंपे होती.

आग नाळेला लागली असता जहाजाची पाठ वाऱ्याकडे करावयाची, म्हणजे ज्वाळा पुढे समुद्रावर जातात व मागची माणसे वाचतात, हे कोणाही कसबी खलाशाला ठाऊक असते, आणि कप्तानाने तोच हुकूम दिला. परंतु जहाज वळते ते सुकाणू आणि शिडे यांच्या जोडीने. वारा मंद असला की ते सुकाणूला जुमानीत नाही, आणि पुढची शिडे फिरवावयाची तर ज्या दोरांशी माणसे उभी राहावयास हवीत तेथेच धूर कोंडला होता. जहाज हळूहळू उलटे फिरले आणि त्याने तोंड वाऱ्यात घातले. त्याबरोबर धूर आणि ज्वाळा नाळेकडून पिछाडीकडे, म्हणजे माणसे जिकडे पळाली होती तिकडे, लोटू लागल्या. मला वाटते, कॉस्पॅट्रिकचे भवितव्य या दहा-पंधरा मिनिटांत ठरले. चाळीस माणसांचे काम चाळिसांनी, झोपेतून उठून, श्वास कोंडत असताना करावयाचे होते. ते त्यांच्या हातून झाले नाही.

त्यानंतर जे घडले त्याला शिस्तीचे नाव देता येत नाही. एका होडीत, ती पाण्यात उतरण्यापूर्वीच, बहुतांशी स्त्रिया असलेला जमाव घुसला, आणि ती ओझ्याने उलटून सारी समुद्रात गेली. एक मोठी होडी जागच्या जागी पेटली. शेवटी दोन होड्या काय त्या सुटल्या. एकीचा ताबा रोमेनकडे आणि दुसरीचा मॅक्डॉनल्डकडे. जहाजावर राहिलेल्यांच्या डोक्यांवर एकामागून एक डोलकाठ्या कोसळल्या. कप्तान अखेरपर्यंत जहाजावर होता. शेवटी त्याने बायकोला समुद्रात लोटून तिच्यामागे स्वतः उडी घेतली, आणि त्यांचा मुलगा हातांत घेऊन जहाजाचा वैद्य उडी मारता झाला, असे मॅक्डॉनल्डने होडीतून पाहिले. याच्या पावणेदोन वर्षे अगोदर, जानेवारी १८७३ मध्ये, डंजनेसजवळ ‘नॉर्थफ्लीट’ हे देशांतर करणाऱ्यांचेच जहाज एका आगबोटीच्या धडकेने बुडाले, तेव्हा त्याचा कप्तान नोल्स याने होड्यांकडे धावणाऱ्या पुरुषांवर पिस्तूल झाडले होते. पिस्तूल झाडणे किंवा न झाडणे याने होड्यांची संख्या वाढत नाही.

जळणारे जहाज बुडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन दिवस, दोन्ही होड्या त्याच्या आसपासच राहिल्या. २१ तारखेच्या रात्री वारा वाढला आणि दोन होड्यांची ताटातूट झाली. रोमेनची होडी त्यानंतर कोणाच्या दृष्टीस पडली नाही. मॅक्डॉनल्डच्या होडीत पाण्याचा थेंब नव्हता, अन्नाचा कण नव्हता, शीड नव्हते, वल्हे एकच होते. एका मुलीच्या परकराचे शीड करून ते होडीतल्याच एका फळीवर बांधण्यात आले. सुकाणू धरून बसलेला एक जण तोल जाऊन समुद्रात पडला व बुडाला. तहानेने माणसे एक एक करून वेडी होत आणि मरत चालली. पहिल्यांदा प्रेते समुद्रात टाकली जात. पुढे जिवंत राहिलेल्यांनी मेलेल्यांचे रक्त प्राशन केले आणि काळीज खाल्ले. ही गोष्ट मॅक्डॉनल्डने आपल्या जबानीत आडपडदा न ठेवता सांगितली आहे, आणि त्याच्या सांगण्यावर अविश्वास ठेवण्याचे मला कारण दिसत नाही, कारण जो लपवू इच्छितो तो एवढे सांगत नाही. दहा वर्षांनी ‘मिन्योनेट’ नावाच्या लहान जहाजाच्या होडीत भुकेल्या माणसांनी एका आजारी पोऱ्याला ठार मारले, त्यावरून डडली व स्टीफन्स यांच्यावर चाललेला खटला आपल्याकडील वकिलीच्या विद्यार्थ्यांनाही पाठ असतो. कॉस्पॅट्रिकच्या होडीत मात्र कोणी कोणाला मारले नव्हते. त्यामुळे न्यायशास्त्राच्या पुस्तकांत तिला जागा मिळाली नाही.

२६ तारखेला पहाटेपूर्वी एक जहाज त्यांच्या जवळून गेले. त्यांनी हाका मारल्या. त्या कोणी ऐकल्या नाहीत. २७ तारखेला कलकत्त्याहून डंडीला चाललेले ‘ब्रिटिश सेप्टर’ हे जहाज आले आणि त्याने होडीतील पाच जिवंत माणसांना वर घेतले. त्यांपैकी दोघे लवकरच वारले. उरले तिघे: मॅक्डॉनल्ड, सुकाणी टॉमस लुईस आणि एडवर्ड कॉटर हा कोवळ्या वयाचा खलाशी. सेंट हेलिना बेटावर त्यांना उतरविण्यात आले. त्या बेटापर्यंत तारायंत्र पोहोचलेले नव्हते. तेव्हा डाकेची आगबोट तिघांना घेऊन मदीरा बेटाला लागली आणि तेथून लंडनला तार गेली, त्या वेळी नाताळ उलटून गेला होता. ज्या जहाजाने दहा वर्षांपूर्वी अर्ध्या जगाची बातमी वाहण्यासाठी समुद्राच्या तळाशी तार अंथरली होती, त्याच्या स्वतःच्या मरणाची बातमी इंग्लंडला चाळीस दिवसांनी मिळाली.

१८७५ च्या आरंभी व्यापार खात्यामार्फत ग्रिनिच येथे चौकशी झाली. जहाजावरचे साक्षीदार तीनच, आणि आग लागताना त्यांपैकी एकानेही तिचे मूळ पाहिलेले नव्हते. तरीही न्यायासनाने असा निष्कर्ष काढला की, बहुधा कोणी तरी मद्याच्या किंवा मालाच्या चोरीसाठी उघडा दिवा अथवा काडी घेऊन जहाजाच्या पोटात शिरला असावा. हे अशक्य नाही. मालाची पिंपे फोडणे हा शिडाच्या जहाजांवरील जुनाट रोग होता आणि खलाशी त्यात मागे नसत. परंतु हा निष्कर्ष किती सोयीचा आहे हेही पाहावे. चोर मेलेला, त्याचे नाव नाही, त्याच्या बाजूने कैफियत देणारा कोणी नाही; मालक निर्दोष, माल भरणारे निर्दोष, कायदा निर्दोष. टर्पेंटाइन आणि सव्वाशे मुले एकाच लाकडी कवचात भरण्याची परवानगी कोणी दिली, हा प्रश्न त्या अज्ञात चोराच्या पाठीमागे अलगद दडला. होड्या अपुऱ्या होत्या व त्यांची तालीम झाली नव्हती ही गोष्ट चर्चेत आली. परंतु होड्या टनांवरून मोजण्याची रीत त्यानंतरही चालूच राहिली. १८८८ साली जीवरक्षक साधनांचा नवा कायदा झाला तरी कोष्टक टनांचेच राहिले, आणि ते दहा हजार टनांपाशी संपत असे. ‘टायटॅनिक’ सेहेचाळीस हजार टनांचे होते.

तिघेच का वाचले आणि ते खलाशीच का, याचे उत्तर मला होडीतच सापडते, दुष्टपणात नाही. भर समुद्रात होडीचे तोंड लाटेला कसे द्यावे, भिजलेल्या अंगावर झोप कशी चुकवावी, दिवसाचे चार तास आणि रात्रीचे चार तास यांची सवय शरीराला कशी असते, हे ऑक्सफर्डशायरच्या शेतावर नांगर धरणाऱ्या माणसाला कोठून ठाऊक असणार? त्या परगण्यातील शिप्टन-अंडर-विचवुड या गावातून हेजेस व टाउनसेंड या नात्यातल्या दोन घरांची मिळून १७ माणसे या जहाजावर होती. गावाच्या हिरवळीवर त्यांचे स्मारक आहे आणि त्यावर त्यांची नावे आहेत. खलाशांची नावे मिळतात ती दप्तरात. त्या काळच्या ब्रिटिश जहाजांचे करारनामे व हजेरीपट यांचा फार मोठा भाग आज कॅनडात न्यूफाउंडलंड येथील विद्यापीठात ठेवलेला आहे. त्यांत रकाने असतात ते असे: नाव, वय, जन्मस्थान, या आधीचे जहाज, पगार, आणि नोकरी सुटण्याची तारीख व कारण.

या शेवटच्या रकान्याला एक पैशाचा अर्थ होता. जहाज बुडाले की करार संपला, आणि करार संपला की पगार थांबला, असा कायदा होता. म्हणजे होडीत वल्हे धरून, परकराचे शीड सांभाळून, वेड्या झालेल्या माणसांना आवरीत घालविलेले दिवस हे मॅक्डॉनल्ड, लुईस आणि कॉटर यांच्या नोकरीचे दिवस नव्हते. १९१२ साली टायटॅनिकच्या खलाशांचाही पगार ते जहाज बुडाले त्याच दिवशी बंद करण्यात आला. जहाज बुडाल्यामुळे बेकार झालेल्या खलाशाला निदान दोन महिन्यांपर्यंतची भरपाई मिळावी, असा आंतरराष्ट्रीय करार जिनोव्हा येथील मजूर परिषदेत झाला तो १९२० साली, आणि त्याप्रमाणे ब्रिटनने आपला कायदा बदलला तो १९२५ साली.